काचेतल्या कवड्या

॥ जय सेवालाल ॥

तांडा, आर्णी तालुका
१६ जानेवारी २०२४

प्रिय उर्वशी,

हॉस्टेल सुटल्यापासून तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. हसशील, घरात मोबाईल असताना ही बाई टपालाचं पाकीट शोधत बसली म्हणून. पण मोबाईल मी नवऱ्याच्या, शामच्या खिशात टाकून दिलाय. तो वाजला की माझ्या हातापायातलं बळच जातं. तुझ्यावर राग नाही, खरंच नाही. माझी रोशनी यवतमाळला नर्सिंगला होती, तिच्या हॉस्टेलच्या कागदावर पालक म्हणून तुझाच नंबर होता, तेव्हा दवाखान्यातून मला कळवणार तूच. परक्यानं कळवण्यापेक्षा तू कळवलंस तेच बरं. पण सप्टेंबरपासून त्या काचेवर तुझं नाव उमटलं की मला परत तेच ऐकू येतं, "बबिता, लवकर ये, रोशनीचा ताप..." आणि त्यापुढे तू काही बोललीच नाहीस. म्हणून आपण पत्रंच लिहू. पत्र वाजत नाही.

आता काम सांगते. शाम येत्या सोमवारी यवतमाळला येईल, त्याच्याजवळ एक गाठोडं देते. त्यात फुलिया आहे. तू बहुतेक पाहिली नसशील. आमच्या बाया डोक्यावर घागर घेतात ना, तिच्याखालची चुंबळ. पण कवड्यांनी मढवलेली, आणि मागे पाठीवर लोंबणारा कापडाचा चौकोन, त्यावरही कवड्याच कवड्या. लग्नात नवरी ती डोक्यावर घेऊन पाणी आणते. ही माझ्या सासूच्या, म्हणजे रुपीबाईच्या आजीपासूनची. बैलांवर मीठ-धान्य लादून फिरायचे त्या काळात कुठून तरी आलेल्या कवड्या आहेत.

तू मागे म्हणाली होतीस की कॉलेजातल्या शंख-शिंपल्यांच्या संग्रहालयात कवड्या कमी आहेत. तर ही ठेव तुझ्या काचेत. इथे ठेवायला जागा नाही. रुपीबाई रोज म्हणते, "पोरगी गेली, आता तिच्या लग्नाची वस्तू घरात कायले ठेवतं? अरुणावतीत सोडून ये." मी तिला सांगितलं, नदीत सोडून आले. तेव्हा तूही कुठे बोलू नको.

तुझी,
बबिता


॥ जय भीम ॥

यवतमाळ
५ फेब्रुवारी २०२४

प्रिय बबिता,

गाठोडं मिळालं. शाम कॉलेजच्या फाटकातच देऊन गेला. मी म्हटलं, "भाऊजी, चहा तं घ्या," तर म्हणाला, "मंग कधी," आणि गाडीला किक मारली. पार वाळून गेलाय गं तो. त्याला जेवायला घालतेस की नाही?

मी पत्र दोनदा वाचलं. फोनचं वाचून वाईट वाटलं, पण पटलंही. खरं सांगते, त्या दिवसापासून मीही कोणाला फोन लावायला घेते आणि तसाच ठेवून देते. रोशनी दर रविवारी माझ्याकडे जेवायला यायची. ताप आला तेव्हा तिनं मला दोन दिवस सांगितलंच नाही, मग फोनवर म्हणाली, "मावशी, परीक्षा आहे, उतरेल." मी मास्तरीण असून विचारायला गेले नाही. हे मी कोणाजवळ बोलत नाही, तुझ्याजवळ बोलते.

आमच्या संग्रहालयाचं सांगते म्हणजे तुझं मन जरा दुसरीकडे लागेल. संग्रहालय म्हणजे काय, एक लांबट खोली आणि काचेची कपाटं. आमचे जुने विभागप्रमुख दर उन्हाळ्यात कोकणात जायचे आणि पोतं भरून शंख-शिंपले आणायचे. देवघरातला शंख, काटेरी शंख, भोवऱ्यासारखी गोगलगाय, विषारी सुळा असलेली शंकूच्या आकाराची गोगलगाय, पंख्यासारखे शिंपले, सगळं आहे. इथल्या पोरांनी समुद्र पाहिलेला नसतो. मागच्या आठवड्यात एका शाळेची सहल आली, तर एक पोरगी मोठा शंख कानाला लावून म्हणते, "मॅडम, यात कोणी आहे काय?" मी म्हटलं, होती, आता नाही. म्हटल्यावर मलाच कसंतरी झालं.

कवडीसुद्धा गोगलगायच असते, तुला माहीत आहे? जिवंत असते तेव्हा ती आपलं मऊ अंग कवचाच्या बाहेरून पांघरते. बाकीच्या गोगलगाई कवचात लपतात, ही कवचालाच कुशीत घेते. म्हणून कवडी इतकी गुळगुळीत असते.

मार्चमध्ये तपासणी समिती येणार आहे. प्राचार्य म्हणतात, या खोलीत कोणी फिरकत नाही, इथे कॉम्प्युटर लावू. मला ही खोली वाचवायची आहे आणि त्यासाठी तुझ्या कवड्या देवासारख्या धावून आल्यात. पाटीवर काय लिहू? फुलिया कोणी केली, कधी केली, काही विशेष असेल तर कळव.

तुझीच,
उर्वशी


॥ जय सेवालाल ॥

तांडा
२४ फेब्रुवारी २०२४

प्रिय उर्वशी,

तुझं पत्र आलं तेव्हा रुपीबाई अंगणातच होती. "कोणाचं?" म्हणाली. मी म्हटलं, बचत गटाचं. तिला वाचता येत नाही हे किती सोयीचं आहे आणि किती वाईट.

रोशनी तुला दोन दिवस बोलली नाही, यात तुझं काय चुकलं? मलाही ती फोनवर "बरी आहे" म्हणाली होती. आवाजावरून मला कळायला पाहिजे होतं. मी कापूस वेचायच्या मजुरांचं बोलत राहिले.

फुलिया कोणी केली विचारतेस. जुनी आहे, घरच्या बायकांनी केली, एवढं लिही. विशेष काही नाही. कापड तर चिंधीच म्हण, इकडून तिकडून ठिगळं लावलेलं, टाके वेडेवाकडे. तुझ्या त्या राजेशाही शंखांमध्ये शोभायचं नाही. कवड्या मात्र सांभाळ.

काचेचं कुलूप पक्कं आहे ना? उन्हाची तिरीप येते का तिथे? सहज विचारलं.

शामचं विचारलंस. जेवतो, उठतो, वावरात जाऊन बांधावर बसतो. तूर कापायची तशीच उभी होती, शेवटी शेजाऱ्यांनी कापली. आम्ही दोघं एकमेकांशी बोलतो ते फक्त बैलांबद्दल आणि पाण्याच्या मोटारीबद्दल.

कवडीचं तू लिहिलंस ते मी खूपदा वाचलं. अंग बाहेरून पांघरते.

तुझी,
बबिता


॥ जय भीम ॥

यवतमाळ
२८ मार्च २०२४

प्रिय बबिता,

आधी आनंदाची बातमी. समिती आली, पाहून गेली आणि खोली वाचली! आणि वाचली ती तुमच्या कवड्यांमुळे. समितीतल्या बाई त्या कपाटापुढून हलेनात. प्राचार्य माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच समुद्रात उडी मारून त्या आणल्या.

आता कसं केलं ते सांगते. गाठोडं नीट उघडून पाहिलं तर कापडाला कसर लागलेली. आमच्याकडे पेंढा भरलेले पक्षी आहेत, चिकटवलेली फुलपाखरं आहेत. तिथे एकदा ती कीड शिरली की सगळ्याचा भुगा. तू लिहिलंच होतंस की कापडाची चिंधी झालीय, म्हणून मी मनावर घेतलं. रोज दुपारी तास संपले की खिडकीशी बसायचे आणि ब्लेडनं एकेक कवडी सोडवायचे. काही टाके असले चिवट होते की काय सांगू, शिवणारीनं दोरा दोनदा-दोनदा फिरवलेला. एका कोपऱ्यात तर सुईसुद्धा तशीच अडकलेली, बोटात घुसली असती. सगळ्या कवड्या ब्लीचच्या पाण्यात भिजवल्या, मऊ ब्रशनं घासल्या, तेलाचा हात दिला. बऱ्याच कवड्यांच्या कडांना दोऱ्याचा लाल रंग लागला होता, तो लवकर जाईना. त्या परत भिजत घातल्या, तेव्हा कुठे पांढऱ्या झाल्या. मग मोठ्या-लहान, पिवळसर-पांढऱ्या अशा वेगळ्या करून निळ्या मखमलीवर ओळीनं लावल्या. शिवण्यासाठी पाठ घासून काढलेली असते ना, म्हणून त्या उताण्या ठेवल्या आहेत, दातेरी फटीची बाजू वर. फार देखण्या दिसतात गं. कापड प्रयोगशाळेच्या मागे जाळून टाकलं.

आणि पाटी. तुला न विचारता केली, रागावू नको. "कवडी : सागरी गोगलगाय. कै. कु. रोशनी शाम राठोड हिच्या स्मरणार्थ, राठोड परिवाराकडून." पितळी पाटी आहे, माझ्या खर्चानं. रोशनीसाठी तेव्हा माझ्या हातून काही झालं नाही. हे झालं. पाटी ठोकली त्या दिवशी मी कित्येक महिन्यांनी नीट जेवले.

एकदा दोघं येऊन बघून जा.

तुझीच,
उर्वशी


तांडा
११ एप्रिल २०२४

उर्वशी,

कापड खरंच जाळलं का? की नुसतं बाजूला टाकलंय? एवढंच कळव.

बबिता


॥ जय भीम ॥

यवतमाळ
२२ एप्रिल २०२४

प्रिय बबिता,

अगं, केवढंसं पत्र ते! मी पाकीट उलटं करून झटकलं, आत अजून काही आहे का म्हणून.

हो, जाळलं. काळजी करू नको, कीड पार मेली, तुमच्या घरात पसरायची भीती नको. फुलिया जिथे ठेवलेली होती तिथल्या कपड्यांनाही ऊन दाखव म्हणजे झालं. आणि फुलिया घरात नसली की चुकल्यासारखं वाटत असेल, तर तसंच कापड मी इथे बाजारात बघते. हल्ली प्लास्टिकच्या कवड्या लावलेले पट्टे मिळतात, हुबेहूब.

परीक्षा सुरू झाल्यात. मग पेपर तपासायला अमरावतीला जावं लागेल. तुम्ही कधी येताय?

तुझीच,
उर्वशी


तांडा
३० जून २०२४

उर्वशी,

आम्ही येऊन गेलो. तू अमरावतीला होतीस, ते बरंच झालं. शिपायानं खोली उघडून दिली. भला माणूस, पंखाही लावला.

तुझ्या एप्रिलच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं तेच सुचत नव्हतं. आता लिहिते. आधीच लिहायला हवं होतं.

ती फुलिया नुसती जुनी नव्हती. जुना दोरा कुजला होता, कवड्या गळत होत्या. अकरावीच्या सुट्टीपासून रोशनीनं ती पुन्हा शिवायला घेतली होती. जुन्या कापडाला मागून नवं लाल कापड जोडलं तिनं. रुपीबाई शेजारी बसून शिकवायची. आर्णीच्या बाजारातून थोड्या नव्या कवड्या आणल्या होत्या, त्यांची पाठ तिनं दाराच्या दगडावर घासून घासून काढली, तो आवाज दुपारभर घरात चालायचा, मी ओरडायचे, "बंद कर वं, डोकं उठलं." रुपीबाई म्हणायची, "तुही ओळ वाकडी चालून राह्यली." तर ही म्हणायची, "चालू दे आजी, पाणी आणाले मीच जाणार हाव, मलेच दिसणार नाही." कवडी हलू नये म्हणून दोरा दोनदा फिरवायची ती. दोरा लाल होता, रंग जायचा, तिची बोटं लाल व्हायची. राखीला आली होती तेव्हा शेवटच्या ओळीपर्यंत पोचली. सुई तशीच खोचून ठेवली आणि म्हणाली, दिवाळीत येऊन पुढचं करते.

हे सगळं मी तुला का नाही लिहिलं? लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, "बबिता, अशी वस्तू घरीच ठेव." आणि घरी ती नदीत गेली असती. आणि लिहायला बसले असते तर रडले असते, रुपीबाईला कळलं असतं. म्हणून चिंधी म्हटलं. आपलं कोणाला देताना आपण असंच म्हणतो ना गं, काही विशेष नाही म्हणून? मला वाटलं, तुझ्या काचेत, कुलपात, माझ्या पोरीचे टाके राहतील. मी म्हातारी झाले तरी येऊन बघता येतील.

शाम काचेपुढे बराच वेळ उभा राहिला. पाटी वाचली. मग मला म्हणाला, "यातली आपल्या पोरीची कोणती वं?" मी म्हटलं, तिच्या कवड्यांना लाल कड होती. तो वाकून एकेक ओळ बघत गेला, काचेवर बोट ठेवून. शिपाई म्हणाला, "काचेले हात लावू नका दादा, डाग पडते." शामनं बोट काढलं आणि शर्टानं काच पुसून दिली. सप्टेंबरपासून तो पहिल्यांदा माझ्याशी तिच्याबद्दल बोलला होता, उर्वशी. सगळ्या पांढऱ्या. मी आई असून मला एकही ओळखता आली नाही.

बबिता


यवतमाळ
८ जुलै २०२४

बबिता,

तुझं पत्र कॉलेजात उघडलं आणि तास न घेताच घरी आले. त्याला आज चार दिवस झाले.

लाल डाग जात नव्हते, म्हणून मी परत भिजत घातल्या. हे मीच तुला लिहिलं, कौतुकानं लिहिलं. ते टाके चिवट आहेत म्हणून मी ब्लेडची पाती बदलत होते. दर रविवारी माझ्या घरी जेवणाऱ्या पोरीच्या हातचं मी उसवत होते, आणि मनात म्हणत होते की हे तिच्यासाठीच करतेय.

तू सांगायला हवं होतंस असं मनात येतं. येतं, खोटं कशाला बोलू. एक ओळ लिहिली असतीस तर मी ती फुलिया कसरीसकट छातीशी धरून बसले असते. पण मग वाटतं, मी तरी विचारलं कुठे? जुन्या कापडात नवा दोरा, अडकलेली सुई, आणि तू मला विचारतेस कुलूप पक्कं आहे का, ऊन येतं का. चिंधीसाठी कोणी असं विचारत नाही. रोशनीला ताप आला तेव्हाही मी असंच ऐकून घेतलं होतं, "उतरेल मावशी."

ती सुई माझ्याजवळ आहे. पण तेही पूर्ण सांगते. तिच्यात वीतभर लाल दोरा होता. निळ्या मखमलीची किनार शिवायची होती, हाताशी तीच सुई होती. मी लाल दोरा ओढून टाकला आणि पांढरा ओवला. तो दोरा केराबरोबर गेला. नंतर खोलीचा कोपरान् कोपरा शोधला, कपाटं सरकवून पाहिली. नाही मिळाला.

सुई या पत्रात कागदाला टोचून पाठवते आहे. कवड्यांचं काय करू? परत पाठवू? दालन बंद करू? तू म्हणशील ते करते. फक्त काहीतरी सांग.

उर्वशी


तांडा
२ ऑगस्ट २०२४

उर्वशी,

सुई मिळाली.

रुपीबाईला सगळं सांगितलं. आता लपवण्यासारखं राहिलं काय होतं? मला वाटलं, ती आकांत करेल. ती उन्हात पाय पसरून बसली होती, तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "नदीत सोडली असती तं बरं झालं असतं. अख्खी तरी गेली असती." ती खरं तेच बोलली होती. मग तिनं सुई मागितली, बोटानं चाचपली आणि म्हणाली, "दोरा ओव." मी ओवला. लालच होता घरात. तिनं सुई-दोरा हातात घेतला, आणि मग परत माझ्या हातात दिला. शिवायला काही नव्हतंच.

दालन बंद करू नको. पोरांनी शंख कानाला लावावेत. कवड्याही राहू दे, परत पाठवू नको, आम्ही त्या घेऊन काय करू? फक्त पाटी काढून टाक. आता त्या तिच्या नाहीत. समुद्रातल्या आहेत, तशाच लिही.

तुझ्यावर राग आहे का, हे तू विचारलं नाहीस, पण विचारावंसं वाटत असेल. राग करायला अंगात काहीतरी लागतं गं.

मोबाईल शामकडून परत घेतलाय. परवा वाजला, मी उचलला. कुठल्यातरी कंपनीची बाई होती, काहीतरी विकत होती. तिचं बोलणं संपेपर्यंत मी ऐकून घेतलं. हातपाय गळाले नाहीत. त्या यंत्रातून आता मला कोण काय सांगणार आहे?

तेव्हा पत्रांचा खटाटोप आता नको. काही असलं तर फोन कर.

बबिता